‘आहे’ आणि ‘असावे’ : क्लाउडवरील सेवांचा सांभाळ करणाऱ्या उपप्रणालीची रचना

प्रास्ताविक

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात संगणकप्रणालीच्या रचनेवर एक पाठ कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर व्यावहारिक आहे. शासकीय दाखले, रेल्वेची तिकिटे, विम्याचे अर्ज, आपला स्वतःचा परीक्षा-अर्ज ही सारी कामे आता अशा प्रणालींतून होतात. या प्रणाली नागरिकांशी ज्या मराठीत बोलतात, ती मराठी कोणाला तरी लिहावी लागते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या प्रणालींच्या मुळाशी जो विचार आहे, तो व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला मुळीच अपरिचित नाही. ‘आहे’ आणि ‘असावे’ या दोन क्रियारूपांतील अंतर ज्याला नेमके कळते, त्याने या विषयाचा अर्धा मार्ग आधीच चाललेला असतो.

उदाहरणासाठी आपण नेरळ आणि त्याच्या परिसराकडे वळू. नेरळ हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गाव, मुंबई–पुणे लोहमार्गावरचे स्थानक आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे आरंभस्थान. तहसील कार्यालय कर्जतला. रेल्वेने गेल्यास मध्ये भिवपुरी रोड हे एकच स्थानक लागते. तालुका भाताचा. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा ऑनलाइन देण्यास प्रारंभ झाला आणि पंधरा रुपये शुल्क भरून तो कोठूनही काढता येऊ लागला. ही सोय मोठी आहे. परंतु ऐन हंगामात, पीककर्ज किंवा पीकविम्याची मुदत संपत आली असता, अशा कोणत्याही सेवेवर एकदम भार येतो आणि मग ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य खिडकीवर ऐकू येते. लावणीची मजुरी सोडून आलेल्या माणसासाठी त्या तीन शब्दांची किंमत एक दिवस असते.

हे वाक्य भाषेच्या दृष्टीनेही तपासण्यासारखे आहे. त्यात काय बंद पडले, किती बंद पडले, केव्हा सुरू होईल आणि भरलेल्या पैशांचे काय, यांपैकी काहीही नाही. बरेचदा ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण प्रणालीनेच ते त्याला सांगितलेले नसते. प्रणालीला स्वतःची अवस्था कळावी आणि ती तिने सांगावी, यासाठी जी वेगळी यंत्रणा उभारतात, ती आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

सेवा कोठे असते?

‘क्लाउड’ या शब्दाने गोंधळ होतो. ढग म्हटले की माथेरानच्या माथ्यावर उतरणारे पावसाळी ढग डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ही सेवा जमिनीवरच असते. ऐरोली, रबाळे, महापे या नवी मुंबईच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडचे मुंबई क्षेत्र २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली सुरू केले. मायक्रोसॉफ्टची मुंबई व पुणे येथील क्षेत्रे २०१५ पासून आहेत. शासकीय पातळीवर केंद्राचा ‘मेघराज’ हा उपक्रम आहे, आणि महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले. थोडक्यात, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक गरजेपुरते भाड्याने वापरण्याची व्यवस्था. आपली आज्ञावली तेथे चालू ठेवणे याला ‘उपयोजन’ म्हणतात, आणि असे उपयोजन झालेल्या सेवेकडे नंतर रात्रंदिवस पाहावे लागते.

अभ्यासासाठी आपण दाखले देणारी एक प्रणाली कागदावर रचू. हे कोणत्याही प्रत्यक्ष संकेतस्थळाचे वर्णन नव्हे. अर्जदाराची ओळख पटवणे, नोंद शोधणे, शुल्क घेणे, स्वाक्षरी उमटवणे आणि दाखल्याची फाइल तयार करून देणे, अशी पाच कामे तिला करायची आहेत. ही पाचही कामे एकाच मोठ्या आज्ञावलीत लिहिली, तर ती एकसंध रचना होय. प्रत्येक कामाची स्वतंत्र, लहान, आपापली माहिती सांभाळणारी आणि एकमेकींशी केवळ निरोपांनी बोलणारी आज्ञावली केली, तर त्या मायक्रोसर्व्हिस, म्हणजे सूक्ष्मसेवा. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखानंतर ही संज्ञा सर्वतोमुखी झाली.

विभागणीचा लाभ काय, हे नेरळच्याच रेल्वेवरून पाहता येते. सुमारे एकवीस किलोमीटरचा नेरळ–माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात त्याची मोठी हानी झाली आणि नेरळहून वर जाणारी पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिली. मात्र वरच्या टोकाचा अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा त्याआधीच पुन्हा सुरू झालेला होता. खालचा मार्ग तुटलेला असतानाही वरची गाडी धावू शकली, कारण तिला धावण्यासाठी लागणारे रूळ, डबे आणि इंजिन तिच्याजवळ होते. सूक्ष्मसेवेकडून हीच अपेक्षा असते : शुल्क घेणारी सेवा बंद पडली, तरी नोंद शोधून पाहता यावी. पण उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. इंजिनांची शेड नेरळला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. दैनंदिन फेऱ्यांत स्वतंत्र दिसणारी सेवा मोठ्या दुरुस्तीच्या वेळी खालच्या टोकावर अवलंबून असते. अशी न दिसणारी अवलंबिता शोधून काढणे हे रचनाकाराचे सर्वांत कष्टाचे काम होय.

व्यवस्थापकाचे व्याकरण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाच सेवा, प्रत्येकीच्या दोन-तीन चालू प्रती, म्हणजे पंधराएक आज्ञावल्या निरनिराळ्या संगणकांवर चालू आहेत. त्यांपैकी एखादी पहाटे बंद पडली तर ती पुन्हा कोण सुरू करील? यासाठी व्यवस्थापक उपप्रणाली असते. तिला काय करायचे आहे हे दोन प्रकारे सांगता येते.

पहिला प्रकार आज्ञार्थाचा : ‘शुल्कसेवेची आणखी एक प्रत सुरू कर.’ दुसरा विध्यर्थाचा : ‘शुल्कसेवेच्या तीन प्रती असाव्यात.’ वरवर पाहता दोहोंचा परिणाम एकच आहे. परंतु निरोप नेणाऱ्या तारा भरवशाच्या नसतात. निरोप पोचला की नाही, याची शंका आल्यास पाठवणारा तो पुन्हा पाठवतो. आज्ञार्थी निरोप दोनदा पोचला, तर दोन प्रती वाढतात. विध्यर्थी निरोप दहा वेळा पोचला, तरी प्रती तीनच राहतात. पुनरुक्तीने अर्थ न बदलणे हा विध्यर्थी निरोपाचा गुण रचनाकारांना फार मोलाचा वाटतो. (शुल्काच्या बाबतीत तर तो अनिवार्यच आहे. ‘पंधरा रुपये वजा कर’ हा निरोप दोनदा पोचला, तर नागरिकाचे तीस रुपये जातात. म्हणून ‘अमुक क्रमांकाच्या अर्जाचे शुल्क भरलेले असावे’ अशी मांडणी करतात.)

विध्यर्थाच्या समोर स्वार्थ उभा असतो. स्वार्थ म्हणजे वस्तुस्थितीचे साधे कथन : ‘शुल्कसेवेच्या दोन प्रती आहेत.’ व्यवस्थापकाचे संपूर्ण काम या दोन वाक्यांची तुलना करीत राहणे, एवढेच आहे. असाव्यात तीन, आहेत दोन. म्हणजे एक सुरू करणे आले. असाव्यात तीन, आहेत चार. म्हणजे एक बंद करणे आले. ही तुलना काही सेकंदांच्या अंतराने, न थकता, अखंड चालते. गूगलने २०१४ साली खुली केलेली कुबरनेटिस ही प्रसिद्ध प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. तिचे नाव ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा होतो. सुकाणू धरणाराही प्रत्येक लाटेला वेगळी आज्ञा देत नाही; दिशा कोणती असावी हे ठरवून तो नौका तिकडे वळवीत राहतो.

स्वयं-अध्ययनासाठी : ‘अर्ज क्रमांक ४१ चा दाखला पाठव’, ‘अर्ज क्रमांक ४१ चा दाखला पाठवलेला असावा’ आणि ‘अर्ज क्रमांक ४१ चा दाखला पाठवलेला आहे’ या तीन वाक्यांतील क्रियापदांचे अर्थ ओळखा. प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारल्यास काय घडेल, ते लिहा.

उपप्रणालीचे भाग

व्यवस्थापक स्वतः एकसंध असावा की त्याचीही विभागणी करावी? कामाचे स्वरूप पाहिले तर विभागणी आपोआप सुचते. ‘असावे’ या वाक्यांची वही सांभाळणारी एक सेवा. प्रत्येक प्रतीला ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ असे विचारून ‘आहे’ची वही लिहिणारी निरीक्षणसेवा. दोन्ही वह्या वाचून फरक काढणारी समन्वयसेवा. प्रत्यक्ष संगणकावर प्रत सुरू किंवा बंद करणारी उभारणीसेवा. घडलेले माणसांना कळवणारी सूचनासेवा. आणि कोणाला कोणते वाक्य वहीत लिहिण्याचा अधिकार आहे, हे पाहणारी अधिकारसेवा.

या विभागणीत एक पथ्य आहे आणि ते मोडण्याचा मोह सतत होतो. निरीक्षणसेवेने केवळ पाहावे. पाहता पाहता दुरुस्ती करू नये. पाहणारा आणि करणारा एकच झाला की चुकीच्या निरीक्षणाला अडवणारे कोणी उरत नाही. गावच्या कारभारातही मोजणी करणारा आणि निवाडा देणारा वेगळा ठेवण्यामागे हाच विचार आहे.

निरीक्षणात आणखी एक सूक्ष्म भेद करावा लागतो. ‘जिवंत आहे’ आणि ‘काम घेण्यास सिद्ध आहे’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. सकाळी कार्यालय उघडले, कर्मचारी खुर्चीवर बसला, पण कपाटाची किल्ली अजून यायची आहे. अशा वेळी त्याला घरी पाठवून दुसरा माणूस बोलावणे हा मूर्खपणा होईल. थोडा वेळ रांग त्याच्या खिडकीवर सोडू नये, एवढेच. हा भेद न केल्यामुळे हळू सुरू होणारी निरोगी सेवा पुन्हा पुन्हा मारून सुरू केली जाते आणि ती कधीच सुरू होत नाही.

मौनाचा अर्थ

आता या विषयातील खरी अडचण. निरीक्षणसेवेने विचारले आणि उत्तर आले नाही. याचा अर्थ काय? समोरची सेवा बंद पडली असेल. कामात गढलेली असेल. प्रश्न पोचलाच नसेल. किंवा उत्तर निघाले आणि वाटेत हरवले असेल. बाहेरून पाहणाऱ्याला या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. पत्राला उत्तर आले नाही म्हणजे माणूस गेला असे आपण मानीत नाही. संगणकाला मात्र कोठेतरी निर्णय घ्यावाच लागतो. सर्वसाधारण रीत अशी की सलग तीन प्रश्नांना उत्तर न आल्यास ती प्रत गेली असे धरायचे. लक्षात घ्या, ‘गेली’ नव्हे, ‘गेली असे धरायचे’.

या ‘धरण्या’तून धोका निर्माण होतो. दाखल्याला अनुक्रमांक देणारी प्रत प्रत्यक्षात चालू आहे, फक्त तिच्यापर्यंतचा मार्ग तुटला आहे, असे समजा. व्यवस्थापक ती गेली असे धरून दुसरी प्रत सुरू करतो. आता दोघी जणी अनुक्रमांक देऊ लागतात आणि एकाच क्रमांकाचे दोन दाखले दोन वेगळ्या माणसांच्या हाती पडतात. सेवा काही काळ बंद राहणे परवडले, पण हे नाही. बंद सेवेचे दुःख दिवसाचे असते; दुहेरी क्रमांकाच्या दाखल्याचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो.

यावरचा उपाय रेल्वेने फार पूर्वी शोधला आहे. एकेरी रुळाच्या टप्प्यात समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत होती : ज्या चालकाच्या हाती टोकन, त्यानेच त्या टप्प्यात गाडी न्यायची, आणि टोकन एका वेळी एकच. सूक्ष्मसेवांतही असेच टोकन असते. फरक इतकाच की ते मुदतीचे असते. अनुक्रमांक देणाऱ्या प्रतीने दर काही सेकंदांनी मुदत वाढवून घ्यायची. वाढवता आली नाही, तर तिने स्वतःहून थांबायचे, आपण जिवंत आहोत हे तिला पक्के ठाऊक असले तरीही. आणि मुदत पुरती संपल्याखेरीज व्यवस्थापकाने ते टोकन दुसऱ्या प्रतीला द्यायचे नाही.

मग टोकन देणारा कोण, आणि तोच बंद पडला तर? येथे ग्रामसभेतील गणपूर्तीची कल्पना उपयोगी पडते. ‘असावे’ची वही एका ठिकाणी न ठेवता तीन किंवा पाच ठिकाणी ठेवतात आणि बहुमताने मान्य झालेली नोंदच खरी मानतात. तिघांपैकी दोघे, पाचांपैकी तिघे. मार्ग तुटून दोन गट पडले, तरी बहुमत एकाच गटाकडे असू शकते. दुसऱ्या गटाने गप्प बसायचे. संख्या विषम का घेतात, हे आता आपल्या ध्यानात आले असेल : चार वह्यांना बहुमतासाठी तीन लागतात, म्हणजे तीन वह्यांप्रमाणेच एकच वही गेलेली चालते, चौथीचा खर्च व्यर्थ जातो. हे बहुमत संगणकांत कसे घडवावे याची रॅफ्ट नावाची सुबोध रीत डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडली. कुबरनेटिसची वही तीच रीत वापरते.

घाटाचा चढ

हंगामी भाराविषयी थोडक्यात. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाटाचा ३७ स 1 असा तीव्र चढ चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावतात आणि घाट संपल्यावर ती सोडवतात. क्लाउडचे मुख्य आकर्षण हेच : जुलैच्या अखेरीस तीनऐवजी आठ प्रती, ऑगस्टमध्ये पुन्हा तीन. पण इंजिन जोडायलाही वेळ लागतो. गाडी चढावर अडल्यावर इंजिन बोलावण्यात अर्थ नाही. ज्या मुदतीची तारीख आधीपासून माहीत आहे, तिच्यासाठी प्रती आदल्या दिवशीच वाढवलेल्या असाव्यात. शिवाय सर्व प्रती शेवटी एकाच माहितीसाठ्याच्या दाराशी उभ्या राहणार असतील, तर आठ प्रतींनी केवळ त्या दारातली गर्दी वाढते.

राखणदाराचे घर

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया क्षेत्रातील साठवणसेवा सुमारे चार तास कोलमडली. एका कर्मचाऱ्याला काही थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञेतील एक भाग चुकीचा टंकला गेला आणि अपेक्षेहून फार अधिक सर्व्हर निघाले. ही आज्ञा आज्ञार्थी होती, हे आपण आता ओळखाल. पण आपल्या दृष्टीने त्याहून बोधप्रद गोष्ट पुढे घडली. सेवांची अवस्था जगाला दाखवणारा कंपनीचा फलक ज्या यंत्रणेतून बदलला जाई, ती यंत्रणा त्याच साठवणसेवेवर अवलंबून होती. त्यामुळे बराच वेळ फलकावर खरी अवस्था लिहिताच येईना. कंपनीला ट्विटरवरून ती सांगावी लागली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद राहिली, तेव्हाही दुरुस्तीची आतली साधने त्याच तुटलेल्या जाळ्यावर उभी होती. जळत्या घरातच बंब ठेवलेला असावा, तसे हे झाले. म्हणून व्यवस्थापक उपप्रणाली रचताना प्रत्येक भागाविषयी विचारायचे : ज्यावर लक्ष ठेवायचे आहे, त्याच्याच आधाराने हा भाग उभा आहे काय? सूचनासेवा तर संपूर्णपणे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पुरवठादाराकडे असावी. ती अगदी साधी असली तरी चालेल.

२०१७ च्या घटनेनंतर ॲमेझॉनने आपल्या साधनात बदल केला : सर्व्हर सावकाश काढले जातील आणि एका किमान संख्येच्या खाली आज्ञा चालणारच नाही. अपघातानंतर लिहिल्या जाणाऱ्या अशा अहवालांची भाषा पाहा. ‘अशी मर्यादा आधी असती, तर एवढे सर्व्हर निघाले नसते.’ हा संकेतार्थ. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चारही अर्थ या एका व्यवसायात असे रोज कामाला येतात. संकेतार्थी वाक्यातील ‘असती तर’ हा भाग उचलून ‘असावी’ असा वहीत लिहिणे, म्हणजेच दुरुस्ती.

खर्चाची बाजू

एवढे वाचल्यावर प्रत्येक कार्यालयाने सूक्ष्मसेवा कराव्यात असे वाटू लागेल. तसे करू नये. एका खोलीतील बोलणे पाच खोल्यांत वाटले की निरोप्यांचा खर्च येतो, निरोप हरवतात, आणि चूक कोणत्या खोलीत झाली हे शोधण्यातच वेळ जातो. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओ विभागातील एका गटाने चित्रफितींच्या दर्जावर लक्ष ठेवणारी आपली सेवा विभागलेल्या रचनेतून पुन्हा एकसंध केली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, असे २०२३ साली स्वतःच प्रसिद्ध केले. चार माणसे सांभाळतात ती दाखल्यांची प्रणाली एकसंध असणेच बहुधा शहाणपणाचे. ‘असावे’ आणि ‘आहे’च्या दोन वह्या मात्र तिलाही हव्यात, त्यासाठी रचना मोठी असण्याची गरज नाही.

खिडकीवरचे वाक्य

व्यवस्थापकाच्या वहीत जे लिहिले आहे, ते नेरळच्या खिडकीपर्यंत पोचवणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम. निरीक्षणसेवा सांगते : शुल्कसेवा, असाव्यात तीन, आहे शून्य, इतर चारही ठीक. यातून ‘सर्व्हर डाऊन आहे’ असेही लिहिता येईल, किंवा ‘तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत’ असेही. दोन्ही वाक्ये वहीतील माहिती फेकून देतात. त्याऐवजी असे लिहिता येते :

‘सकाळी १०.४० पासून शुल्क भरता येत नाही. आपली नोंद पाहता येईल आणि अर्जही जतन होईल. शुल्क भरणे सुरू झाल्यावर मोबाइलवर संदेश येईल. आपले पैसे कापले गेले असतील, तर पुन्हा भरू नका. पुढील माहिती ११.३० वाजता येथेच देऊ.’

या मजकुरातील प्रत्येक वाक्यामागे उपप्रणालीचा एक भाग उभा आहे. ‘१०.४० पासून’ हे निरीक्षणसेवेमुळे लिहिता आले. ‘अर्जही जतन होईल’ हे सेवा स्वतंत्र असल्यामुळे. ‘पुन्हा भरू नका’ असे निर्धास्तपणे म्हणता आले, ते शुल्काचा निरोप विध्यर्थी ठेवल्यामुळे. आणि ११.३० चे वचन पाळता येईल ते सूचनासेवा निराळ्या ठिकाणी असल्यामुळे. रचनेत यांपैकी एखादा भाग नसेल, तर त्यासंबंधीचे वाक्य लेखकाने लिहू नये. ते खोटे ठरेल.